पोलादाचे तळे, सामुराई आणि नाइट

एका राज्यात एक तळे होते, आणि ते तळे पोलादाचे होते. सात डोंगर त्याला वेढून उभे होते. काठावर दगडी पायऱ्या होत्या, पण घागर बुडवायला जावे तर टणकन आवाज होई. वाऱ्याने उठलेल्या लाटा जशाच्या तशा थिजून बसल्या होत्या. त्यांच्यावर एखादा बगळा उतरे, चोच मारून पाही आणि उडून जाई.

बारा वर्षांपूर्वी त्या तळ्यात पाणी होते, आणि त्याच्याही आधी तिथे नुसती कोरडी दरी होती. तेव्हा राजा चंडकेतू राज्य करीत असे. सलग तीन वर्षे पाऊस पडला नाही, तशी गुरे मेली, माणसे गाव सोडू लागली. मग शंखपाद नावाचा मांत्रिक अनवाणी पायांनी डोंगरातून उतरला. त्याने आपली काठी दरीत रोवली, आणि सूर्य मावळायच्या आत दरी पाण्याने भरली.

वर्षभर लोक ते पाणी प्यायले. मग काठावर पायऱ्या बांधून झाल्या, तेव्हा राजाने तिथेच सिंहासन मांडले आणि तो मांत्रिकाला म्हणाला, "माग, काय हवे ते."

मांत्रिक म्हणाला, "राजा, मला काही नको. खाली उतर आणि या लोकांसमक्ष एवढेच म्हण, की तुझे उपकार झाले."

राजाने त्याच्या धुळीने माखलेल्या पायांकडे पाहिले. "सोने ने, गाई ने," तो म्हणाला, "राजाला मान वाकवायला सांगू नकोस."

शंखपादाने पाण्यातली काठी उपटली. "जशी तुझी मान, तसे तुझे पाणी," तो बोलला. "आणि या मातीत जन्मलेल्या माणसाला माझी वाट सापडणार नाही." एवढे बोलून तो डोंगरात निघून गेला. त्याची पाठ वळली आणि तळे पोलादाचे झाले.

चंडकेतू त्याच वर्षी झुरून वारला. त्याची मुलगी उत्पला गादीवर बसली. मोठी झाल्यावर ती मांत्रिकाची क्षमा मागायला सात वेळा डोंगर चढली, आणि सातही वेळा वाटेने वळण घेऊन तिला राजवाड्याच्या दारात आणून सोडले. लोक तीन कोसांवरच्या झऱ्यातून पाणी आणीत. राणीच्या वाट्यालाही इतरांसारखाच दिवसाला एक तांब्या येई. आता तो झराही करंगळीएवढा बारीक झाला होता.

राजवाड्यापुढच्या उंबरावर एक म्हातारा धनेश पक्षी राही. त्याची चोच कोयत्याएवढी होती. तो बोले कमी, पण त्याच्या उंबराच्या सावलीत जो एकदा उभा राही त्याला पुढे कुणाचीही भाषा समजे आणि बोलताही येई. राणीने त्याला विचारले, "धनेशा, हा शाप कुणाच्या हातून सुटेल?"

धनेश म्हणाला, "दोन तलवारी येतील. एक वाकडी, एक सरळ. दोघांना एका ताटात जेवू घाल आणि दोघांना मिळून पाठव. एकट्याला पाठवलेस तर तो परत यायचा नाही."

वैशाखातल्या एका सकाळी पूर्वेच्या वेशीतून एक स्वार आत आला, आणि पश्चिमेच्या वेशीतून दुसरा.

पूर्वेचा स्वार उगवतीच्या बेटांवरून, जपानातून, वादळात भरकटत आला होता. त्याचे नाव तादाओकी. तिकडे अशा योद्ध्याला सामुराई म्हणतात. त्याचे चिलखत लाखेने रंगवलेल्या पट्ट्यांचे होते, आणि त्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी एकमेकींत ओवल्या होत्या. कमरेला दोन तलवारी होत्या, एक लांब, एक आखूड, दोन्ही जराशा वाकलेल्या आणि एकाच बाजूने धार असलेल्या. पाठीला माणसाहून उंच धनुष्य होते. ढाल मात्र कुठेच नव्हती.

पश्चिमेचा स्वार फ्रान्स देशातून तीर्थाला निघाला होता आणि वाट चुकला होता. त्याचे नाव थिबो. तिकडे त्याला नाइट म्हणतात. त्याने बारीक लोखंडी कड्यांचे जाळीदार चिलखत घातले होते आणि वर लोकरीचा झगा पांघरला होता. तलवार सरळ आणि दुधारी होती, तिची मूठ क्रुसासारखी. एका हातात रानडुकराचे चित्र काढलेली ढाल, दुसऱ्या हातात लांबलचक भाला.

राजवाड्याच्या दारातून एका वेळी एकच घोडा आत जाई. दोघेही दारापाशी थांबले, आणि मागे सरायला दोघांपैकी कोणीच तयार होईना. शेवटी तलवारी निघाल्या. तेवढ्यात राणी उत्पला आपला त्या दिवसाचा तांब्या घेऊन स्वतः खाली आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"पाहुण्यांनो," ती म्हणाली, "आधी पाणी घ्या."

दोघांचेही ओठ तहानेने फुटले होते. तलवारी म्यानात गेल्या. थिबो अर्धे पाणी प्यायला. मग त्याने शिरस्त्राण काढले, गुडघे टेकले आणि आपले जोडलेले हात राणीच्या हातांत दिले. "राणीसाहेब, आमच्याकडे शपथ अशी घेतात. आजपासून मी तुमचा माणूस."

तादाओकी उरलेले पाणी प्यायला. त्याने तांब्या दोन्ही हातांनी परत दिला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बोलला काहीच नाही.

प्रधान नीतिसेन कुरकुरला, "याने तर आभारही मानले नाहीत."

तादाओकी उंबराच्या सावलीतच उभा होता. त्याला ते समजले. तो म्हणाला, "प्रधानजी, जे फेडायचे आहे ते बोलून हलके करू नये, असे मला शिकवले आहे."

राणीने दोघांना एकाच ताटात नाचणीची भाकरी आणि जवसाची चटणी वाढली. थिबोने जेवणाआधी छातीवर क्रुसाची खूण केली. तादाओकीने हात जोडून डोके झुकवले. मग चटणीने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आले, दोघांनीही ते लपवले, आणि ते लपवता लपवता एकमेकांकडे पाहिले. तिथून पुढे ते एकमेकांना 'तू' म्हणू लागले. जेवण झाल्यावर राणीने तळ्याची हकिगत सांगितली. दोघे एकदमच उठले. राणीने त्यांच्या चामड्याच्या पिशवीत उद्याच्या वाट्याचे पाणी भरून दिले, आणि धनेश त्यांच्यापुढे उडत निघाला.

"वाटेत तीन दारे लागतील," तो म्हणाला.

पहिले दार म्हणजे एक खिंड होती. तिच्यावर पितळेची घार घिरट्या घालीत होती आणि चोचीतून निखारे टाकीत होती. थिबोने तलवार उपसली. "खाली ये," तो ओरडला, "समोरासमोर लढ." घार खाली आली नाही.

तादाओकीने धनुष्य काढले. थिबोला नवल वाटले. "तू धनुष्य चालवतोस? आमच्याकडे ते पायदळाचे काम. सरदार माणूस लांबून मारीत नाही."

"आमच्याकडे घोडा आणि धनुष्य ही योद्ध्याची पहिली विद्या," तादाओकी म्हणाला. "तलवार त्याच्यानंतर."

त्याने घोडा भरधाव सोडला आणि बाण जोडला. पण धनुष्याला दोन्ही हात लागतात, आणि वरून निखारे पडत होते. खांद्यावरचे रेशमी दोरे धुमसू लागले. थिबोने ते पाहिले, टाच मारली आणि त्याच्या डाव्या अंगाने घोडा दौडवत आपली ढाल त्याच्या डोक्यावर धरली. पहिला बाण चुकला. दुसरा पंखाला लागून वाजला. तिसरा घारीच्या डोळ्यात गेला, आणि ती खिंडीत येऊन आदळली.

थिबोने घोडा थांबवून त्या पितळेच्या ढिगाकडे पाहिले. "पायदळाचे काम म्हणालो," तो म्हणाला, "तो शब्द मागे घेतो."

दुसऱ्या दारात काळ्या दगडाचा रेडा उभा होता. तादाओकीचे बाण त्याच्या कपाळावर लागून काडीसारखे मोडले. मग थिबोने भाला काखेत घट्ट दाबला, रिकिबीत पाय रोवले आणि घोडा सोडला. माणूस, घोडा आणि भाला, तिघांचे वजन त्या एका टोकावर आले. रेड्याच्या कपाळाला तडा गेला आणि त्याचा खडीचा ढीग झाला. त्या ढिगाखाली थिबो कमरेपर्यंत गाडला गेला.

तादाओकी खाली उतरला आणि दोन्ही हातांनी दगड उपसू लागला. उपसता उपसता त्याने विचारले, "एवढे कुणासाठी धावलास?"

"राणीपुढे शपथ घेतली आहे," थिबो म्हणाला. "वर देव पाहतो आहे. आणि खरे सांगायचे तर माझ्या गावात यावर कुणीतरी गाणे रचील, अशीही आशा आहे."

तादाओकी पहिल्यांदाच हसला. "आमच्याकडे आपले गाणे आपणच रचतो. मरणाआधी. अगदी लहान."

"केवढे लहान?"

"एका श्वासाएवढे."

थिबोच्या हातापायांना काही झाले नव्हते, पण त्याचा घोडा लंगडू लागला होता. दोघेही पायीच पुढे निघाले, घोडे हाताशी धरून.

तिसरे दार एका गुहेचे होते आणि ते सताड उघडे होते. आत मुकुट, तलवारी, रत्नजडित खंजीर यांची रास लखलखत होती. भिंतीच्या कडेने माणसे उभी होती, सगळी पोलादाची, प्रत्येकाचा हात तलवारीच्या मुठीवर.

धनेश दारावरच्या कपारीत बसला. "हे तुमच्याआधी या राशीच्या लोभाने दोन दारे चुकवून आलेले परदेशी वीर," तो म्हणाला. "शस्त्र घेऊन जो या दारातून आत जातो, तो पोलादाचा होतो. शस्त्र खाली ठेवायचे, 'मी शरण आलो' म्हणायचे, आणि मग आत जायचे. यांनी ते केले नाही."

थिबोने भाला आणि ढाल भिंतीला टेकवून ठेवली. मग तलवार काढली. तिच्या मुठीत रक्षणासाठी एका संताच्या हाडाचा कण बसवला होता. त्याने मुठीवर ओठ टेकले, तलवार खाली ठेवली आणि म्हणाला, "मी शरण आलो." तो उंबरठा ओलांडून गेला. त्याला काही झाले नाही. मागे वळून पाहतो, तो तादाओकी गुडघ्यांवर बसलेला होता. धनुष्य आणि लांब तलवार त्याने नीट बाजूला ठेवली होती. आखूड तलवार हातात होती, आणि दुसऱ्या हाताने तो चिलखताचे दोरे सोडीत होता.

थिबो परत आला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसला.

"हे काय चालवले आहेस?"

"आत गेल्याशिवाय राणीचे काम होत नाही," तादाओकी म्हणाला. "शरण गेलो तर मी मी राहत नाही. माझ्यापुरती वाट मरणाची, एवढीच."

"मी आत्ता शरण गेलो. आयुष्यात दुसऱ्यांदा."

"तुमच्याकडे ते चालते."

"चालते," थिबो म्हणाला. "पहिल्यांदा गेलो तो लढाईत. घोडा पडला, आणि मी शत्रूच्या हातात तलवार दिली. दोन वर्षे त्याच्या गढीत कैदेत होतो. एका हिवाळ्यात मला ताप भरला. त्याची म्हातारी आई माझ्या उशाशी बसून मला चमच्याने सूप पाजायची. तिच्यामुळे मी आज जिवंत आहे. लढाई हरलो हे आता मला आठवतही नाही. तिचा चमचा आठवतो."

धनेशाने पंख आवरले. मग तादाओकी बोलू लागला.

"माझा धनी हरला तेव्हा किल्ला जळत होता. त्याने अंगणात चटई टाकली आणि मरायला बसला. मीही शेजारी बसू लागलो. त्याने माझा हात धरला. म्हणाला, 'तू नको. तू जग.' पाच वर्षे झाली. मला मरण्याच्या लायकीचाही त्याने समजले नाही, हीच माझी शिक्षा."

थिबो म्हणाला, "मी तुमच्या चालीरीती जाणत नाही. पण शिक्षा देणारा माणूस हात धरीत नाही."

तादाओकीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. मग त्याने आखूड तलवार म्यान केली आणि लांब तलवारीच्या शेजारी ठेवली. पूर्वेकडे तोंड करून त्याने कपाळ जमिनीला टेकवले. "धनी," तो म्हणाला, "उपकार झाले. सांगायला पाच वर्षे उशीर झाला." तो उठला, दारापाशी गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी शरण आलो."

गुहेच्या पोटात दोघांना भयंकर असे काही दिसले नाही. एका दगडावर एक म्हातारा बसला होता. त्याची काठी दूर पडली होती. गुडघ्यांपासून खाली त्याचे दोन्ही पाय पोलादाचे होते.

"कोण आहे?" त्याने विचारले. "राजाने पाठवले?"

"राजा वारला," थिबो म्हणाला. "आम्हांला त्याच्या मुलीने पाठवले."

"ती स्वतः का आली नाही?"

"सात वेळा आली. तुमच्या वाटेने तिला सातही वेळा माघारी नेले."

शंखपादाने आपल्या पोलादी पायांकडे पाहिले. मग म्हणाला, "मला ठाऊक नव्हते. शाप दिला, इथवर चालत आलो, टेकलो, आणि पुन्हा उठता आले नाही. दुसऱ्याची मान ताठ म्हणून रागावलो, आणि माझेच गुडघे ताठ झाले."

तादाओकीने चामड्याची पिशवी त्याच्या ओठांना लावली. "बाबा, पाणी घ्या. राणीच्या वाट्याचे आहे." म्हातारा घोट घोट प्यायला.

"शाप आता माझ्या हातात राहिला नाही," तो म्हणाला. "राजाच्या घरचे माणूस आणि मी समोरासमोर येऊ तेव्हाच तो सुटेल. आणि मी तर असा."

"मग आम्ही नेतो," थिबो म्हणाला.

दोघांनी चार हातांची बैठक केली आणि म्हाताऱ्याला दाराबाहेर आणले. तिथे सामुराईचे उंच धनुष्य एका बाजूला आणि नाइटचा भाला दुसऱ्या बाजूला ठेवून मध्ये लोकरीचा झगा बांधला. डोली झाली. तलवारी आणि ढाल त्यांनी घोड्याच्या पाठीवर लादली. तादाओकी पुढे, थिबो मागे, घोडे त्यांच्यामागून. तादाओकीची पावले लहान आणि भरभर पडत, थिबोची लांब आणि सावकाश. म्हाताऱ्याला हिसके बसू लागले, तसा तो दोघांनाही बोल लावू लागला. दुसऱ्या डोंगरापर्यंत त्यांची पावले जुळली, आणि म्हाताऱ्याला डुलकी लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोली तळ्याच्या काठी उतरली. राणी उत्पला त्या वेळी झऱ्यावरून परतणाऱ्या बायकांच्या रांगेत होती, कडेवर घागर घेऊन. तिने म्हाताऱ्याला पाहिले आणि ओळखले. घागर खाली ठेवून ती पायऱ्यांवरून उतरली आणि सगळ्या लोकांसमक्ष तिने त्या पोलादी पायांवर डोके टेकवले.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पाणी दिलेत आणि आम्ही ते प्यालो. माझ्या वडिलांना म्हणता आले नाही, ते मी म्हणते. तुमचे उपकार झाले."

तिच्यामागे प्रधान नीतिसेन वाकला, मग बायका वाकल्या, मग सगळे गाव.

शंखपाद म्हणाला, "पोरी, ऊठ. राग राजावर होता, तो मी तुमच्या घागरींवर काढला. माझे चुकले. या बायका बारा वर्षे तीन तीन कोस चालल्या, त्यांनी मला क्षमा करावी."

एक म्हातारी बाई पुढे आली. तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या. "बाबा, चालून चालून पाय गेले खरे," ती म्हणाली. "पण त्या आधी तुमच्याच पाण्यावर माझी पोरे वाचली होती. ते विसरले नाही मी."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आले. त्याचे गुडघे वाकले, पोलाद उतरले, आणि तो आपल्या पायांवर उभा राहून त्या बाईपुढे झुकला. त्याच क्षणी बारा वर्षे थिजलेली पहिली लाट पायरीवर येऊन फुटली. तिच्यामागून दुसरी आली. पोरेबाळे, गुरे, कुत्री, सगळी पाण्यात उतरली, आणि प्रधान नीतिसेन पागोट्यासकट उतरला. गुहेतले पोलादी वीरही जागे झाले. पुढचा आठवडाभर ते एकेक करून डोंगरातून उतरत राहिले आणि आपापल्या गावची वाट विचारीत राहिले. राणीने प्रत्येकाला जेवू घालून वाटेला लावले.

मग दरबार भरला. बाजारात तोवर दोन तट पडले होते. कुणी म्हणे सामुराई श्रेष्ठ, कुणी म्हणे नाइट. प्रधानाने पाहुण्यांनाच विचारले.

थिबो खूप बोलला. तादाओकीच्या नेमाबद्दल बोलला, त्याच्या तिसऱ्या बाणाबद्दल बोलला, आणि दगड उपसताना सोललेल्या त्याच्या बोटांबद्दल बोलला. "माझ्या देशात शूर पुष्कळ आहेत," तो म्हणाला, "पण आपल्या धन्याच्या एका शब्दाखातर पाच वर्षे दुःखात जगणारा मी पाहिला नाही."

तादाओकीला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आम्ही मरायला लवकर शिकतो. हा माझ्यासमोर बसला आणि मला जगायचे शिकवले. याचे माझ्यावर उपकार आहेत. प्रधानजी, आज हे बोलून दाखवतो."

नीतिसेनाने उठून दोघांनाही नमस्कार केला. त्यानंतर कुणी तो प्रश्न काढला नाही.

राणीने त्यांना राहायचा आग्रह केला. पण थिबो म्हणाला, "राणीसाहेब, माझ्या शपथेतून मला मोकळे करा. एका गढीत एक म्हातारी आहे." आणि तादाओकी म्हणाला, "माझ्या धन्याची आई हयात आहे. तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून मी तिकडे गेलो नव्हतो." राणीने दोघांना मोकळे केले. लंगड्या घोड्याच्या बदल्यात थिबोला तिने आपला घोडा दिला. वेशीपाशी दोघांनी एकमेकांना आपापल्या रीतीने निरोप दिला. थिबोने मिठी मारली, तादाओकी वाकला. मग एक पश्चिमेला गेला, एक पूर्वेला.

थिबो वर्षाने त्या गढीत पोचला. म्हातारीला आता दिसत नव्हते आणि तिला तो आठवतही नव्हता. तिने तापाच्या कितीतरी माणसांना सूप पाजले होते. तरी त्याने सगळे सांगितले आणि तिचे आभार मानले. ती म्हणाली, "बस बाळ. लांबून आलास. आधी थोडे सूप घे."

तादाओकी आपल्या बेटावर पोचला, तेव्हा धन्याची आई ओसरीवर बसली होती. त्याने अंगणात कपाळ टेकवले आणि तिच्या मुलाची अखेरची घडी जशी घडली तशी सांगितली. तो थांबल्यावर तिने विचारले, "त्याने कोणता हात धरला होता?"

तादाओकीने उजवा हात पुढे केला. तिने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि संध्याकाळ होईपर्यंत सोडला नाही.

त्या राज्यात तळे भरलेले आहे, राणी सुखाने राज्य करते आहे, शंखपाद काठावर खोपटे बांधून राहतो आहे. ज्याला तहान लागेल त्याला पाणी मिळो, आणि ज्याने पाणी दिले त्याला कुणीतरी 'उपकार झाले' असे सांगो.